कानस आणि कॅम्पस

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा हंगाम आला की घराघरांत पसंतीक्रमाच्या याद्या तयार होतात. आधी कॉम्प्युटर, मग आयटी, मग एआय आणि डेटा सायन्स, मग एआय आणि मशीन लर्निंग, मग सायबर सिक्युरिटी. पाच-सात कॉलेजांचं हे सगळं भरून झालं की यादीच्या तळाशी मेकॅनिकल येतं. "असू दे टाकून, कुठेच काही लागलं नाही तर," असं म्हणत टाकलेलं. हे म्हणणारा बाप पुष्कळदा स्वतः मेकॅनिकलचा असतो, चिंचवडला किंवा चाकणला वीस-पंचवीस वर्षं काढलेला. बाहेरच्या कुणी शाखेची ही किंमत केली असती तर एवढं लागलं नसतं.

त्यातच एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या कामगिरीच्या संस्थांना प्रत्येक शाखेतल्या जागांवर असलेली कमाल मर्यादा काढून टाकली. तोवर एका शाखेत २४० जागांच्या वर जाता येत नव्हतं. मर्यादा उठल्यावर कोणत्या शाखेच्या जागा वाढणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मेकॅनिकलची गोष्ट उलट्या दिशेने चालली होती. आधी दुसरी तुकडी गेली, मग पहिलीतल्या जागा निम्म्या झाल्या, आणि काही ठिकाणी शाखेलाच टाळं लागलं. रिकाम्या झालेल्या वर्कशॉपच्या शेडला फॉल्स सीलिंग लागतं, खाली एसी आणि कॉम्प्युटर येतात. म्हैसूर किर्लोस्करच्या 'एंटरप्राइज' लेथ, एचएमटीची यंत्रं, बीएफडब्ल्यूची मिलिंग मशीनं भंगारवाला किलोच्या भावाने उचलतो. त्यातल्या 'एंटरप्राइज' बनवणारी हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर तर केव्हाच बंद पडली.

यावर गळे काढणारे दोन गट आहेत. उद्योजक परिषदांमध्ये सांगतात की हल्लीच्या मुलांना 'कोअर'मध्ये रस नाही. निवृत्त प्राध्यापक सांगतात की मुलांना हात काळे करायला नकोत. दोन्ही तक्रारी अगदीच खोट्या नाहीत, पण फार सोयीच्या आहेत. मुलांनी मेकॅनिकलकडे पाठ फिरवली त्याच्या पुष्कळ आधी कॉलेजांनी वर्कशॉपकडे आणि कंपन्यांनी शिकाऊ इंजिनिअरकडे पाठ फिरवली होती. ते कसं घडत गेलं, हे साधारण १९९७ ते २००७ या दहा वर्षांत स्पष्ट दिसतं.

त्याआधीचं भरभर उरकता येईल. पुण्यात १८५४ साली निघालेल्या पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूलचं पुढे सीओईपी झालं. मुंबईत १८८७ साली व्हीजेटीआय आलं. तिथे शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना डावलून बढती दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठलं, सायकली विकल्या, नांगर ओतले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ साली अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकल होऊन आले. मग सांगलीचं वालचंद, कराड, औरंगाबाद. १९६७ साली लीला पूनावाला सीओईपीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या आणि पुढे अल्फा लावल इंडियाच्या सर्वोच्च पदावर पोहोचल्या. हे सगळं सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांमध्ये इतक्या वेळा छापून आलंय की पुन्हा आळवण्यात अर्थ नाही.

त्यातली एकच गोष्ट इथे कामाची आहे. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, पुण्यात आली १९६६ साली आणि पुण्यात बनलेला ट्रक बाहेर पडला १९७७ साली. मधली वर्षं कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी मशीन टूल्स, डाय आणि ते चालवणारी माणसं घडवण्यात घातली. आजच्या एखाद्या कंपनीच्या बोर्डापुढे असा प्रस्ताव ठेवून बघावा: पहिली काही वर्षं गाडी नाही, शिकवायचं फक्त.

मग आलं १९८३ साल. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. या निर्णयाला नावं ठेवणं ही मराठी मध्यमवर्गाची जुनी करमणूक आहे. पण त्याआधी हीच मंडळी आपली मुलं कॅपिटेशन भरून कर्नाटकात धाडत होती, हे विसरून चालत नाही. सांगली, नगर, सोलापूरकडची, घरात पहिलंच बारावी झालेलं पोर असलेली कुटुंबं या दारातून आत आली. मेकॅनिकल काढायला मात्र इमारत पुरत नाही. शेड लागते, लेथ लागतात, बॉयलर लागतो, आणि कानस कशी धरायची ते दाखवणारा माणूस लागतो. पहिल्या काही वर्षांत संस्थाचालकांनी ते सगळं आणलं, कारण तपासणीला समिती यायची.

१९९७-९८ च्या सुमाराला अशा कॉलेजात मेकॅनिकलला आलेली मुलं एका बाकावर दोन किमतींत बसायची. उन्नीकृष्णन खटल्याच्या १९९३ च्या निकालाने फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी विभागणी झाली होती. निम्मी मुलं सरकारी दराने शिकत, उरलेली त्यांच्या कितीतरी पट भरून. हॉस्टेलच्या एकाच खोलीत एकाची फी बापाच्या एका पगारात भागलेली आणि दुसऱ्याची सोसायटीच्या कर्जावर. पेमेंटवाला परीक्षेच्या आधी जास्त घाबरलेला असे, एवढाच फरक वर्गात जाणवायचा. २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ही रचना मोडली, पुढे शिक्षण शुल्क समिती आली आणि सगळ्यांचीच फी पेमेंटच्या दिशेने सरकली.

एफईला, म्हणजे पहिल्या वर्षाला, पहिला खरा धक्का फिटिंग शॉपमध्ये बसायचा. पन्नास मिलिमीटर रुंदीची माइल्ड स्टीलची पट्टी हॅक्सॉने कापायची, व्हाइसमध्ये पकडायची आणि दोन कडा एकमेकींना काटकोनात येईपर्यंत घासायची. कानस हातात आली की नवखा माणूस ती पुढे नेताना नकळत खालीवर झुलवतो. त्यामुळे कड सपाट होण्याऐवजी मधे फुगीर आणि टोकांना उतरती होते. हे त्याला तासभर कळतच नाही, कारण नुसत्या डोळ्याला कड सरळच दिसते. मग शिकवणारे सर गुण्या लावून पट्टी खिडकीकडे धरतात. दोन्ही टोकांना फटीतून उजेड येतो. "परत घास," एवढंच म्हणून ते पुढच्या व्हाइसकडे जातात. बारावीला गणितात नव्वदच्या वर मार्क मिळवलेला मुलगा आयुष्यात पहिल्यांदा अशा प्रश्नासमोर उभा असतो, ज्याचं उत्तर पाठ करता येत नाही.

हे सर आयटीआय झालेले, कुठल्यातरी कारखान्यात दहा-पंधरा वर्षं काढून आलेले असत. कॉलेजच्या उतरंडीत त्यांचं स्थान लॅब असिस्टंटच्या आसपास, माहितीपत्रकात नाव नाही, स्टाफरूममध्ये खुर्ची नाही. एम.ई. झालेले व्याख्याते खुर्मी-गुप्ता फळ्यावर उतरवून देत आणि पोरं ते वहीत उतरवून घेत. त्यांना मात्र स्वतंत्र केबिन असे. शतकाच्या वळणावर ही वर्कशॉपची मंडळी एकेक करून निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा कंत्राटावर भरल्या गेल्या, किंवा भरल्याच गेल्या नाहीत. मेकॅनिकलच्या ऱ्हासाची तारीख कुणाला हवीच असेल तर इथे कुठेतरी शोधावी. त्यावर ना अग्रलेख आला ना आंदोलन झालं.

पोरं काही साधुसंत नव्हती. 'जॉब', म्हणजे घासायचा तुकडा, वर्कशॉपच्या मामांकडून पैसे देऊन करून घेणारे होतेच. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटची तर वेगळीच संस्कृती होती. एन. डी. भट यांचं पुस्तक, मिनी ड्राफ्टर, खांद्याला अडकवलेला शीटचा कंटेनर, ही एफईच्या पोराची बसमधली ओळख. मशीन ड्रॉइंग आणि थिअरी ऑफ मशीन्सच्या शीट सबमिशनच्या आदल्या रात्री 'जीटी'ने व्हायच्या. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. खिडकीची काच काढायची, दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची, खाली शंभराचा बल्ब, वर ज्याची सही झालेली असेल त्याची शीट आणि त्यावर कोरी शीट. रात्री दोनला काच इतकी तापायची की हाताखाली रुमाल धरावा लागे. एका मूळ शीटमधली चुकलेली सेंटर लाइन अशी अख्ख्या बॅचभर पसरायची, आणि सर त्या साठही शीटवर सह्या करायचे. म्हणजे चूक पाहायची सवय दोघांनाही नव्हती.

प्रयोगशाळेत जुन्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनावर मोर्स टेस्ट चालायची. एकेका सिलिंडरची ठिणगी तोडायची, वेग पुन्हा जागेवर आणायचा, डायनॅमोमीटरवरचा भार टिपायचा आणि वजाबाकीतून त्या सिलिंडरची ताकद काढायची. प्रयोग मोठा बुद्धिमान आहे. पण वीस जणांच्या बॅचमध्ये इंजिनाला हात लावायचा एकाने, आकडे टिपायचे दुसऱ्याने, आणि उरलेल्या अठरांनी मागे उभं राहून रविवारच्या मॅचविषयी बोलायचं. इंजिन त्या दिवशी सुरू झालं नाही तर 'गेल्या वर्षीची रीडिंग घ्या' अशी सूचना यायची. गेल्या वर्षीची रीडिंग त्याच्या आदल्या वर्षीची असत. इंडस्ट्रियल व्हिजिट साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमधून सुरू व्हायची आणि गोव्याला संपायची. तिचा अहवाल सगळ्यांचा सारखाच असायचा, त्यात गोवा नसायचं.

एसईला डिप्लोमावाले थेट दुसऱ्या वर्षात दाखल होत आणि वर्गाचे दोन तट पडत. बारावीवाल्यांना गणिताचं एम-थ्री सोपं जाई आणि लेथचं टूल कसं बसवायचं ते माहीत नसे. डिप्लोमावाल्यांचं उलट. त्यांच्यातले काही जण सुट्टीत भोसरीच्या शेडमध्ये काम करून आलेले असत. कटिंग टूलचा अँगल फळ्यावर काढणाऱ्या व्याख्यात्याला त्यांनी अदबीने विचारलेली शंका वर्गात अवघडलेली शांतता पसरवून जाई. मशीन डिझाइनच्या पेपराला मात्र सगळेच एका पातळीवर: भांडारींचं पुस्तक, डेटा बुक, आणि आदल्या दिवशी अप्पा बळवंत चौकातून आणलेलं गाइड. एखाद्या विषयात केटी राहिली तर राहिली, वायडी लागून वर्ष वाया जाऊ नये, एवढीच प्रार्थना. साठ-सत्तरांच्या वर्गात मुली दोन-चार असत. वर्कशॉपजवळ त्यांच्यासाठी स्वच्छतागृह नाही, हा प्रश्न व्यवस्थापनाला दर वर्षी नव्यानेच कळायचा.

तरी स्वप्नं मोठी होती, आणि ती हवेतली नव्हती. जानेवारी १९९८ च्या ऑटो एक्स्पोत टेल्कोने इंडिका दाखवली. डिसेंबरात ती बाजारात आली, आणि लाखाहून अधिक लोकांनी आगाऊ पैसे भरून ती नोंदवली. भारतात आखलेली, पिंपरीत बनणारी मोटार! कारखान्यासाठी ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला प्लँट सुटा करून जहाजाने पुण्याला आणला, ही कथा हॉस्टेलच्या मेसमध्ये रामायणासारखी सांगितली जायची. एसईच्या पोराला वाटायचं, आपण बीई होऊ तेव्हा हेच करायचं. टेल्को, बजाज, किर्लोस्कर कमिन्स, थरमॅक्स, भारत फोर्ज, एल अँड टी, नाशिकला महिंद्रा: या नावांच्या क्रमावरून भांडणं व्हायची. नोकरीला जीईटी म्हणत, ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी. वर्षभर प्रत्येक विभागात फिरून शिकायचं, मग कायम.

२००१ ची बॅच बाहेर पडली तेव्हा हे सगळं कोसळलेलं होतं. ट्रकचा बाजार आटला होता आणि टेल्कोने २०००-०१ या वर्षात ५०० कोटींचा तोटा दाखवला होता. त्या काळात चिंचवड-भोसरी पट्ट्यात ऐच्छिक निवृत्तीच्या योजना जोरात होत्या. 'ऐच्छिक' किती, ते ज्यांनी घेतली त्यांनाच ठाऊक. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांच्या यादीत मेकॅनिकलची नावं दोन-तीनवर आली. इथे तीस-चाळीस वर्षांत बनलेली शिकवण्याची एक साखळी तुटली. मंदीत कंपन्यांनी सगळ्यात आधी ट्रेनिंग विभाग आवळला, आणि तेजी परतल्यावरही तो पूर्वीसारखा मोकळा सोडला नाही.

पोकळी भरायला सॉफ्टवेअरवाले होतेच. डॉटकॉमचा फुगा फुटल्याने तेही वर्षभर गप्प होते, पण २००३ नंतर परत आले ते बस भरून. शाखा कुठलीही चालेल, सगळ्या सेमिस्टरला फर्स्ट क्लास हवा, मागे केटी नको. परीक्षेत थर्मोडायनॅमिक्स नव्हतं, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स नव्हतं. कोडी होती. शकुंतला देवींच्या कोड्यांच्या पुस्तकाची झेरॉक्स बीईच्या वर्गात डेटा बुकपेक्षा जास्त हातांतून फिरली. सकाळी परीक्षा, दुपारी मुलाखत, रात्री निकाल. एकेका कॉलेजातून शंभर-शंभर मुलं एका दमात. कॉलेजांनी प्रवेशद्वारावर फ्लेक्स लावले, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. चार वर्षांच्या शाखेचा उपयोग फक्त चाळणी म्हणून झाला, आणि चाळणीची जाळी कोड्यांची होती, याबद्दल एकाही विभागप्रमुखाने तोंड उघडल्याचं ऐकिवात नाही. उघडणार कसं? फ्लेक्सवर फोटो त्यांचाही होता.

जे गेले त्यांना दोष देण्यात हशील नाही. त्या नोकरीत पहिल्याच दिवशी ओळखपत्र, एसी बस आणि म्हैसूरचं ट्रेनिंग मिळे. उलट बाजूला जे 'कोअर'ला चिकटून राहिले, त्यांची रविवारची सकाळ वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींवर लाल रेघा मारण्यात जायची. पुढे वॉक-इन, भोसरीतली शेड, पगार आयटीतल्या मित्राच्या निम्मादेखील नाही, आणि पहिलं काम लेथवरही नाही की डिझाइनलाही नाही. ऑडिट तोंडावर आलेलं असे. मोठ्या कंपन्यांनी पुरवठादारांकडे क्यूएस ९०००, मग टीएस १६९४९ ही गुणवत्तेची प्रमाणपत्रं मागायला सुरुवात केली होती. त्यामुळे मेकॅनिकलच्या पदवीधराचे पहिले सहा महिने मागच्या तारखांचे इन्स्पेक्शन रिपोर्ट भरण्यात जात. मालक कॅल्क्युलेटर घेऊन समोर बसलेला. शिकवणारा कोण, तर सातवी झालेला ऑपरेटर, तोही त्याची लहर असेल तेव्हा. यातूनही जे टिकले ते पक्के झाले, हे खरं आहे. पण टिकण्याची किंमत त्यांनीच भरली, उद्योगाने नाही.

याच वर्षांत उत्तम कामही झालं, तेही महाराष्ट्रातच. नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजने पल्सर आणली. स्कूटरवर पोसलेल्या कंपनीला तिने मोटरसायकलवर उभं केलं. २००२ च्या जूनमध्ये महिंद्राची स्कॉर्पिओ आली, नाशिकच्या कारखान्यातून. २००५ साली टाटा एस, म्हणजे 'छोटा हत्ती', आला. त्या प्रकल्पाचे प्रमुख गिरीश वाघ हे पुण्याच्या एमआयटीचे, म्हणजे १९८३ च्या त्याच बदनाम निर्णयातून उभ्या राहिलेल्या कॉलेजातले मेकॅनिकल इंजिनिअर. टेल्कोत ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दाखल झाले होते, शिकाऊ पोरावर पैसा घालणं कंपन्यांना परवडत होतं तेव्हा. या गाड्या ज्यांनी घडवल्या ती पिढी आधीच्या व्यवस्थेने घडवलेली होती. पुढच्या पिढीचं काय, हा प्रश्न त्या यशाच्या धामधुमीत विचारायचा राहिला.

तिसरीही एक वाट होती. पुण्यात डेक्कन आणि कर्वे रोडच्या जिन्यांवर प्रो-ई, कॅटिया, युजी या डिझाइन सॉफ्टवेअरच्या क्लासच्या पाट्या लागल्या. फी भरून तीन-चार महिने माउस फिरवला की हिंजवडीला एखाद्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस कंपनीत शिरता यायचं. तिथे डेट्रॉइटच्या गाडीच्या दाराच्या आतल्या प्लास्टिकचं मॉडेल बनवायचं. काम मेकॅनिकलचं, वातावरण आयटीचं, आईवडिलांना सांगायला सोपं. यातले पुष्कळ जण पुढे खरोखर उत्तम डिझाइनर झाले. काहींनी मात्र दहा वर्षं त्या प्लास्टिकच्या रिब आखल्या आणि तो भाग साच्यातून बाहेर पडताना एकदाही पाहिला नाही.

चौथी वाट ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसवरून जायची. तिथल्या अमेरिकन वकिलातीबाहेर पहाटेपासून रांग, हातात अमेरिकन विद्यापीठाचा आय-ट्वेंटी फॉर्म आणि बापाच्या फिक्स्ड डिपॉझिटच्या पावत्या. बॅरनची शब्दयादी पाठ करून जीआरई दिलेले मेकॅनिकलवाले एम.एस.ला गेले, तिथे उतरल्यावर किती जणांनी दुसऱ्याच सेमिस्टरला कॉम्प्युटरचे विषय घेतले, ते त्यांच्या बॅचमेटना विचारावं.

या दशकाच्या शेवटी एक चांगली गोष्ट घडली आणि ती पोरांनी घडवली. २००७ साली पिथमपूरला बाजा एसएई इंडियाची पहिली स्पर्धा झाली: इंजिन ठरलेलं, बाकी सगळी गाडी विद्यार्थ्यांनी आखून, वेल्ड करून, खडकाळ ट्रॅकवर पळवायची. रोबोकॉन त्याआधीपासून होती. एरवी वर्कशॉपची सही चुकवणारी पोरं रात्ररात्र रोल केजचे पाइप वाकवत बसली. वेल्डिंग कुठे शिकली? कॉलेजात नाही. कॉलेजची शेड पाचला बंद व्हायची, म्हणून शेजारच्या फॅब्रिकेटरच्या गाळ्यात. आणि हीच गाडी पुढच्या वर्षी माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर झळकली.

त्याच २००७ मध्ये बजाजने आकुर्डीतलं वाहन उत्पादन थांबवलं.

नंतरच्या वर्षांचा हिशेब थोडक्यात. चाकणला फोक्सवॅगन आली, मर्सिडीज आली, महिंद्रा आली. तळेगावला जनरल मोटर्स. मेकॅनिकलला पुन्हा भाव चढला आणि कॉलेजांनी 'सेकंड शिफ्ट' काढली. त्याच लेथवर दुपारची वेगळी बॅच, शिकवायला नुकतेच बीई झालेले तासिका तत्त्वावरचे लोक. चार-पाच वर्षांत बाजारात इतके मेकॅनिकल इंजिनिअर आले की कंपन्यांना त्यांच्यावर पैसा घालायची गरजच उरली नाही. २०१३ साली एआयसीटीईची नीम योजना आली. 'ट्रेनी'च्या नावाखाली लाइनवर स्वस्त हात मिळायची अधिकृत सोय झाली, आणि इंजिनिअरिंगचा पोरगा आयटीआयच्या पोराशेजारी नटबोल्ट आवळू लागला. शिकण्यासाठी असतं तर हरकत नव्हती. २०१९ ला वाहन उद्योगाला घसरगुंडी लागली, डिसेंबर २०२० मध्ये जनरल मोटर्सने तळेगावला कुलूप लावलं, आणि कोव्हिडनंतर आयटीने भरतीचा धडाका लावला. पालकांनी काय ते ओळखलं.

मधल्या काळात मेकॅनिकलवाल्यांचा एक मोठा जथा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये गेला. एमपीएससीची सहायक मोटार वाहन निरीक्षकाची परीक्षा ही त्यांची हक्काची. २०१७ साली शेकडो पदांची भरती निघाली आणि गॅरेजमधल्या वर्षभराच्या अनुभवाच्या अटीवरून वाद थेट न्यायालयात गेला. इंजिनिअर झालेल्या मुलाने गाडीला हात लावलेला असावा की नसावा, यावर वकिलांना युक्तिवाद करावे लागले. चार वर्षांत कॉलेजाने काय केलं, हे त्या खटल्याइतकं नेमकं कुणी सांगितलेलं नाही.

आता म्हणतात, इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही, मग मेकॅनिकल कशाला? हे बोलणाऱ्याने बॅटरी पॅक उघडलेला नसतो. सेल तापतात, ती उष्णता काढायची असते. पॅक हलका हवा आणि धडकेत फुटायला नको. गिअर आणि बेअरिंग आता जास्त वेगाने, जास्त शांत फिरायला हवेत. हे सगळं हीट ट्रान्सफर आणि मशीन डिझाइनच आहे. ज्या आकुर्डीत जुनी चेतक बनायची तिथेच २०२२ साली तिच्या विजेच्या अवतारासाठी नवा कारखाना उभा राहिला. तळेगावची ती बंद शेड ह्युंदाईने घेतली. कोल्हापूरच्या फाउंड्र्या, भोसरीच्या टूलरूम, सगळीकडे फिक्स्चर आखू शकणारा माणूस शोधताहेत. मेकॅनिकलच्या वर्गात आज पुष्कळ ठिकाणी बहुतेक बाकांवर डिप्लोमावाले आहेत, हेही वाईट नाही. त्यांना निदान कानस माहीत असते.

प्रश्न त्यांना पुढे कोण शिकवणार आणि किती देऊन, हा आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरवलं. २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने ते १२,३०० करण्याची शिफारस केली. किमान म्हणजे याहून कमी देऊ नका, असा त्याचा अर्थ. बऱ्याच कंपन्यांच्या एचआरने तो 'एवढंच द्या' असा लावलेला आहे. चाकणला कॉट बेसिसवर जागा, दोन वेळची मेस, शिफ्ट सुटल्यावर रात्री बस नाही म्हणून दुचाकीचं पेट्रोल, यांची बेरीज कुणीही करून पाहावी. उद्योजकांच्या पुढच्या परिषदेत 'कोअरमध्ये टॅलेंट का येत नाही' यावर परिसंवाद ठेवला जाईलच. त्याआधी ही बेरीज व्यासपीठामागच्या पडद्यावर लावली, तर वक्त्यांची भाषणं निम्मी कमी होतील.